इनलाईनवरून शॉर्ट ट्रॅककडे जायचंय? आधी आरियाना फोंतानाचं करिअर नीट बघा

आपल्याकडे पुणे, ठाणे, नागपूर कुठेही जा, संध्याकाळी इनलाईन स्केटिंगच्या ट्रॅकवर पोरांची गर्दी असते, आणि त्यातली दोन-चार पोरं दर सीझनला येऊन विचारतातच की सर, मी आईसवर स्विच करू का. पालकांचा प्रश्न वेगळा असतो, ह्यात करिअर आहे का, मेडल कधी येईल. मी आधी इनलाईन केलं, मग बर्फावर गेलो आणि आता मुलांना शिकवतो, त्यामुळे हे सगळं रोजच्या बघण्यातलं आहे. नवीन येणाऱ्यांना एकाच ठिकाणी वाचायला मिळावं म्हणून लिहितोय.

मी दरवेळी एकच नाव सांगतो, आरियाना फोंताना. इटलीची स्केटर, 2006 ते 2022 सलग पाच विंटर ऑलिंपिक खेळली आणि त्यात 11 मेडल्स घेतली, शॉर्ट ट्रॅकच्या, म्हणजे बर्फावर छोट्या ट्रॅकवर सगळ्यांनी एकत्र पळायच्या स्पीड स्केटिंगच्या, इतिहासात तोपर्यंत इतकी मेडल्स दुसऱ्या कोणाकडेच नव्हती. पण मी तिचं नाव घेतो ते मेडल्समुळे नाही. तिची सुरुवात रोलर स्केट्सवर झाली, मोठा भाऊ स्केटिंग करायचा म्हणून हीपण मागे लागली, म्हणजे आपल्या ट्रॅकवरच्या अर्ध्या पोरींसारखंच. फरक इतकाच की ती राहायची वाल्तेलिना खोऱ्यात, उत्तर इटलीत आल्प्सच्या कुशीत, आणि त्याच खोऱ्यात वर बोर्मिओला बर्फाचं रिंक आहे जिथे इटलीची टीम ट्रेनिंग करते. चाकांवरून बर्फावर जायला तिला देश फिरावा लागला नाही, आपल्या मुलांना फिरावं लागतं, हे आधीच मान्य करून पुढे जाऊ.

आता तिच्या वर्षांकडे बघा. 2006 तोरिनो, वय 15, रिलेमध्ये ब्राँझ, इटलीसाठी विंटर ऑलिंपिक मेडल घेणारी सगळ्यात लहान खेळाडू. 2010 व्हँकुव्हर, 500 मीटरला ब्राँझ. 2014 सोची, एक सिल्व्हर आणि दोन ब्राँझ. पहिलं गोल्ड कधी? 2018 ला, प्याँगचांगमध्ये. पहिल्या मेडलपासून पहिल्या गोल्डपर्यंत 12 वर्षं गेली, आणि ही त्या मुलीची गोष्ट आहे जिच्या गावाजवळ रिंक होतं, टीम होती, लहानपणापासून बर्फ होता. त्यामुळे वर्षभर क्लास लावून नॅशनल्सला मेडल का नाही आलं असं विचारणाऱ्या पालकांना मी हा हिशेब शांतपणे सांगतो. मुलाला दहा वर्षं द्यायची तयारी आहे का, हा पहिला प्रश्न, बूट कोणते घ्यायचे हा नंतरचा.

खेळ नेमका काय आहे ते थोडक्यात. 60 बाय 30 मीटरचं रिंक, हॉकीचं असतं तेवढंच, त्यात 111.12 मीटरचा अंडाकृती ट्रॅक, आखलेल्या लेन नाहीत, फक्त वळणावर काळे ब्लॉक ठेवलेले असतात. सगळे एकत्र सुटतात, घड्याळाच्या उलट दिशेने. 500 मीटर म्हणजे साडेचार लॅप्स, 1000 म्हणजे नऊ, 1500 म्हणजे साडेतेरा. टायमिंगला नाही, नंबरला किंमत असते, हीटमध्ये पहिले दोन पुढे जाणार असतील तर तुम्हाला पहिल्या दोनात यायचंय, बस. लाँग ट्रॅक हा वेगळा खेळ, तिथे 400 मीटरचा ट्रॅक आणि घड्याळाशी शर्यत, ह्या दोघांत गल्लत करू नका, ब्लेडपण वेगळी असतात, लाँग ट्रॅकचं ब्लेड टाचेकडून सुटतं आणि शॉर्ट ट्रॅकचं पुढे-मागे दोन्हीकडे फिक्स असतं.

इनलाईनवाल्यांना बर्फावर काय नडतं? स्पीड नाही नडत. आपल्या पोरांच्या मांड्यांत ताकद असते, स्टॅमिना असतो, घोळक्यात पळायची सवय असते, कोण कुठून घुसेल ह्याचा अंदाज असतो, ही सगळी कमाई तशीच्या तशी बर्फावर कामाला येते. नडतं ते वळण. ह्या खेळात सरळ पट्टा इतका छोटा आहे की उठून दोन-तीन पुश मारले की पुढचं वळण आलंच, म्हणजे तुम्ही जवळजवळ सतत वळतच असता. चाकाला रस्ता थोडी मोकळीक देतो, ब्लेडला बर्फ अजिबात देत नाही, एज, म्हणजे ब्लेडची कड, लागली तर लागली, नाहीतर थेट कडेच्या पॅडवर. डावीकडे इतकं झुकायचं असतं की डाव्या हाताची बोटं बर्फाला टेकतात, आणि डावा पाय उजव्याच्या खालून बाहेरच्या एजने ढकलायचा असतो, तो अंडरपुश इनलाईनच्या पोरांचा कच्चा असतो कारण चाकांवर त्याच्याशिवाय भागून जातं. डबल पुशची, म्हणजे चाकांवर एकाच पावलात आत आणि बाहेर दोन्हीकडे ढकलायची, सवयपण सोडायला लागते. माझ्याकडच्या एका मुलीला, जी इनलाईनला तिच्या वयोगटात सगळ्यांना मागे टाकायची, पहिल्या कॅम्पला पूर्ण वेळ फक्त वळणावर एका पायावर सरकायला लावलं होतं, ती चिडायची, रडायचीपण, पण परत घरी आल्यावर पार्किंगमध्ये कमरेला पट्टा लावून टर्नचा ड्रिल स्वतःहून करायला लागली. ड्रायलँड, म्हणजे बर्फाशिवायचा सराव, म्हणतात ते हेच. पट्टा कमरेला, दुसरा माणूस वळणाच्या बाहेरच्या बाजूने धरून ओढून ठेवणार आणि तुम्ही त्याच्या भरवशावर आत झुकून क्रॉसओव्हर, म्हणजे एक पाय दुसऱ्यावरून टाकत वळण, करायचे. बर्फ नसलेल्या गावात हा ड्रिल सोनं आहे, रोज करा, आरशासमोर करा, व्हिडिओ काढून बघा.

डोक्याच्या तयारीसाठी सोची 2014 ची मुलींची 500 मीटर फायनल बघायला सांगतो. चौघी होत्या, फोंताना, ब्रिटनची एलिस ख्रिस्टी, कोरियाची पार्क सुंग-ही आणि चीनची ली जियानरौ. सुरुवातीलाच ख्रिस्टी आतून घुसायला गेली, फोंतानाला लागली आणि तिघीपण आडव्या. चौथी ली मागून आली आणि गोल्ड घेऊन गेली. पार्क उठली, घाईत परत पडली, तरी पूर्ण केली रेस. नंतर ख्रिस्टीला पेनल्टी लागली, म्हणजे ती बाद, फोंतानाला सिल्व्हर आणि पार्कला ब्राँझ. काहीजण ह्याला नशीब म्हणतात, मला तसं नाही वाटत. पडल्यावर उठून रेस पूर्ण करायची असते कारण पुढच्यावर पेनल्टी लागू शकते, हे त्या दोघींच्या अंगात भिनलेलं होतं, विचार करायला वेळच नव्हता. आपल्याकडे मूल पडलं की तिथेच बसून आईकडे बघतं. पहिल्या दिवसापासून शिकवा, पडलास की उठ, लाईन क्रॉस कर, रडायचं ते नंतर.

आणि मग चार वर्षांनी प्याँगचांग. उद्घाटनाला इटलीचा झेंडा तिच्या हातात होता. 500 ची फायनल, समोर चोई मिन-जोंग, कोरियाची, घरच्या प्रेक्षकांसमोर. दोघींनी लाईन जवळजवळ एकत्र क्रॉस केली, फोटो फिनिश, फोंताना ब्लेडभर पुढे, आणि चोईला तर नंतर पेनल्टीच लागली. ह्या रेसमध्ये मुलांना मी फक्त सुरुवात दाखवतो, मागेपुढे करून परत परत. 500 मध्ये पहिल्या वळणाला जो पुढे असतो त्याला मागे टाकणं फार अवघड आहे, म्हणून सुरुवातीला आतली जागा मिळवायला आधीच्या राउंडमध्येपण जीव तोडून पळायचं असतं, तिथे आरामात क्वालिफाय झालो म्हणून खूश होणारे फायनलला बाहेरच्या जागेवर उभे राहतात. 2022 बीजिंगला तिने हीच रेस परत जिंकली, नेदरलँड्सच्या सुझान शुल्टिंगला मागे टाकून, तेव्हा वय 31. नवरा अँथनी लोबेल्लो, तोपण जुना स्केटर, तोच तेव्हा तिचा कोच. त्या सगळ्या वर्षांत स्वतःच्या फेडरेशनशी तिचे मतभेद होते आणि ते ती जाहीर बोलली आहे, म्हणजे वर पोचल्यावर सगळं सुरळीत होतं असंही नाही.

आता सामान. बूट कार्बनचे, पायाच्या मापाने साचा करून बनवलेले लागतात, पण ते वाढत्या वयात अजिबात घेऊ नका, पाय वाढतो आणि पैसे पाण्यात जातात, सीनियर मुलांचे जुने वापरा. ब्लेड बुटाच्या बरोबर मधोमध नसतं, डावीकडे सरकवून बसवतात, आणि वळणाच्या दिशेने किंचित वाकवलेलंही असतं, त्यामुळे कोणाचेही स्केट्स उचलून घातले असं चालत नाही. धार लावणं स्वतः शिका. दोन्ही स्केट्स उलटे करून जिगमध्ये, म्हणजे धार लावायच्या स्टँडमध्ये, घट्ट बसवायचे, दगडाने एकसारख्या दाबाने घासायचं, मग बाजूने आलेला बर, म्हणजे घासून वर आलेली धातूची बारीक कड, बारीक दगडाने काढायचा, आणि शेवटी अंगठ्याचं नख एजवर हलकेच ओढून बघायचं, नखाचा बारीक कीस निघाला पाहिजे, दोन्ही एजवर सारखा. एका बाजूची एज बोथट राहिली तर वळणावर पाय सटकतोच. हे काम कोचवर सोडणाऱ्या मुलाला स्वतःचं ब्लेड कधी कळत नाही.

सेफ्टीत काटकसर नको. हेल्मेट, गळ्याचा गार्ड, कट-रेझिस्टंट सूट, नी आणि शिन गार्ड, चष्मा, ग्लोव्हज, डाव्या ग्लोव्हच्या बोटांना कडक टोपणं. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी, ज्याचं 2002 चं गोल्ड सगळ्यांना माहिती असतं कारण पुढचे सगळे पडले आणि तो मागून येऊन जिंकला, त्याचं 1994 सहसा कोणी सांगत नाही. माँट्रियालच्या वर्ल्ड कपमध्ये दुसऱ्याच्या ब्लेडने त्याची मांडी कापली, चार लिटर रक्त गेलं, 111 टाके पडले. नंतर 2000 ला मान मोडली. तरी तो परत आला आणि मगच ते गोल्ड. म्हणून सूट शंभर टक्के हवा, एका कॅम्पला साध्या ट्रॅकसूटवर आलेल्या मुलाला मी बर्फावर सोडलं नव्हतं, पालक नाराज झाले तरी.

बर्फ कुठे मिळेल? गुरुग्रामच्या अँबियन्स मॉलमधलं रिंक आहे, सुरुवातीची एज, बॅलन्स, थांबणं ह्यासाठी ठीक. खरा ट्रॅक बसतो तो देहरादूनच्या हिमाद्री रिंकमध्ये, ते 2011 च्या साऊथ एशियन विंटर गेम्ससाठी बांधलं, मग बरीच वर्षं बंद पडून होतं, 2025 ला परत सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये तिथे एशियन ओपन शॉर्ट ट्रॅक स्पर्धापण झाली. एवढं चांगलं रिंक इतकी वर्षं बंद राहिलं त्यात मुलांची एक अख्खी पिढी गेली, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. थंडीत लेहला खेलो इंडिया विंटर गेम्स होतात, तिथे आईस स्केटिंग असतं आणि महाराष्ट्राची टीमपण जाते, पण उंची लक्षात ठेवा, आदल्या दिवशी पोचून रेस पळायचा विचारही करू नका, शरीराला हवेची सवय व्हायला वेळ द्या.

वयाचं विचारतात म्हणून सांगतो, आठ-दहाव्या वर्षापर्यंत इनलाईनच करा, पाया तिथेच तयार होतो, मग दरवर्षी सुट्टीत एक मोठा आईस कॅम्प आणि उरलेलं वर्ष ड्रायलँड आणि इनलाईन, बाराव्या-तेराव्या वर्षी मूल स्वतः बर्फ मागायला लागलं तर मग गंभीरपणे खर्चाचा विचार करा. इनलाईन सोडून देऊ नका, दोन्ही एकत्र चालतात. कॅम्प बुक करताना रिंकला दोन गोष्टी विचारून घ्या, कॉर्नरला पॅडिंग लावणार का, आणि स्पीड ब्लेडला वेगळा स्लॉट आहे का, कारण पब्लिक सेशनला लांब ब्लेड घालून सहसा उतरू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. स्लॉट बहुतेक भल्या पहाटे किंवा रात्री उशिरा मिळतो, त्यामुळे राहायची सोय रिंकच्या जवळच बघा.