मोठ्या कारखान्यात इंजिनिअर नाव कसं कमावतो

चाकणसारख्या पट्ट्यातल्या मोठ्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागलात की तुमच्याच पदवीचे कितीतरी जण तिथे आधीपासून असतात. त्यांच्यात नाव निघतं ते ज्याला दिलेल्या कामाची आठवण पुन्हा करावी लागत नाही, त्याचं.

१. पहिले सहा महिने एक मशिन पक्कं धरा. ड्रॉइंग आणि कंट्रोल प्लॅन (कोणतं माप कधी आणि कसं तपासायचं याचा तक्ता) वाचा, मग तिसऱ्या शिफ्टला जाऊन उभे राहा. रात्री अडीचला लाइनवर जे दिसतं ते सकाळच्या मीटिंगमध्ये कुणी सांगत नाही.

२. तारीख पाळा. हुकणार असेल तर दोन दिवस आधीच फोन करा.

३. प्रत्येक मोठ्या बिघाडानंतर एक पान लिहा. माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच. टोयोटामुळे सगळीकडे रुजलेली पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत वापरा, पण फॉर्म भरायचा म्हणून नको. आमच्याकडे एकदा बोअरची, म्हणजे पाडलेल्या भोकाची, पोझिशन सारखी मापाबाहेर जात होती. ‘ऑपरेटरची चूक’ असा शेरा मारून सगळे मोकळे झाले होते. मी शिफ्टभर मशिनपाशी थांबलो. जॉब (मशिनवर चढवलेला भाग) तिरका बसत होता, कारण तो टेकतो त्या रेस्ट पॅडवर चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकत होती. चिप धुऊन जात नव्हती, कारण कूलंटचा (मशिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) नोझल वाकला होता. तो का वाकला, ते मशिनवरच्या काकांनी दाखवलं: जॉब चढवताना दर वेळी त्याला धक्का लागायचा. नोझल दुसऱ्या बाजूला घेतला आणि रिजेक्शन थांबलं.

४. त्या पानावर काकांचं नाव वर लिहा. खरं कारण त्यांनी दाखवलंय, श्रेय त्यांचंच आहे. शिवाय पुढच्या वेळी काही वेगळं दिसलं तर ते आपणहून तुम्हाला हाक मारतील. मेंटेनन्स आणि स्टोअरच्या माणसांशीही असंच वागा.

५. धोका दिसला तर लेखी कळवा. अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजी कोसळलं. त्याच्या बूस्टर रॉकेटमधल्या ओ-रिंगबद्दल (सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कड्याबद्दल) रॉजर बॉइसजोली या इंजिनिअरने ३१ जुलै १९८५ लाच वरिष्ठांना लेखी इशारा दिला होता. त्याचं ऐकलं गेलं नाही, पण त्याने कळवलं होतं हे कागदावर राहिलं. तुमच्या मेलमध्ये माप, तारीख, फोटो आणि तुमची शिफारस असू द्या. आवाज चढवायची गरज नाही.

६. अप्रेझलसाठी (वर्षाच्या कामाच्या आढाव्यासाठी) वही ठेवा. काम झालं त्याच दिवशी आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा लिहा. मार्चमध्ये आठवायला बसलात तर निम्मं सुटतं.