बिडाची भांडी घरी आणि मुक्कामाला: निघण्यापूर्वीची तयारी

बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कढई किंवा तवा मुक्कामाला न्यायचा असेल, तर त्याची तयारी निघण्याच्या आदल्या रात्री होत नाही. ती किमान तीन-चार आठवडे आधी स्वयंपाकघरात सुरू करावी लागते. नव्या, कोऱ्या बिडावर उघड्या चुलीवर पहिलाच पदार्थ करायला घेतला तर तो चिकटणार हे नक्की. म्हणून या यादीचा मोठा भाग घरातलाच आहे.

प्रथम खरेदी. बीड वाळूच्या साच्यात ओतले जाते. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रीत पंपांचे आणि वाहनांचे भाग ज्या पद्धतीने तयार होतात, तीच पद्धत तव्याची. त्यामुळे पृष्ठभागावर बारीक रवाळपणा असणारच, पण बोट फिरवताना खड्डे, फुगे किंवा चिरेची रेघ लागली तर ते भांडे परत ठेवावे. कान किंवा दांडा वेगळा ठोकून बसवलेला नसून भांड्यासोबतच ओतलेला असावा. इंडक्शनवर वापरायचे असेल तर बूड पूर्ण सपाट हवे. घावनासाठी फार काठ नसलेला सपाट तवा आणि बाकी सगळ्यासाठी साधारण दहा इंचांची खोल कढई एवढ्यावर घर चालते. संपूर्ण संच घेण्याचा मोह टाळावा, कारण न वापरलेले बीड फक्त गंजते.

भांडे घरी आल्यावर गरम पाणी, साबण आणि काथ्याने घासून त्यावरील तेलकट थर व काळपट पूड काढावी. कोकणात आणि दक्षिणेकडे नवे भांडे तांदळाच्या धुवणात किंवा पेजेत दोन-तीन दिवस भिजत ठेवण्याची रीत आहे. पाणी रोज बदलले तर ती उपयोगाची ठरते. त्यानंतर भांडे गॅसवर ठेवून पूर्ण कोरडे करावे, कोमट असतानाच आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवावा आणि मग ते तेल चुकून लागले होते असे समजून कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. जो न दिसणारा थर उरतो तेवढाच हवा. जाड थर दिला तर तो चिकट राहतो आणि पुढे पापुद्रे सुटतात. आता भांडे ओव्हनमध्ये उपडे ठेवून 230 ते 250 अंश सेल्सिअसवर तासभर तापवावे. ओव्हन नसेल तर खिडक्या उघडून गॅसवर, धूर येऊन थांबेपर्यंत, भांडे फिरवत तापवावे. थंड झाल्यावर हेच तीन-चार वेळा करावे. यात तेल जळून जात नाही. उष्णतेने त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लोखंडाला धरून बसणारा कडक थर तयार होतो. म्हणूनच करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल येथे चांगले काम देते आणि खोबरेल किंवा तूप देत नाही, कारण त्यांच्यातील मेद बहुतांशी संपृक्त असल्यामुळे असा थर धरत नाहीत. जवसाच्या तेलाचे फार कौतुक केले जाते. त्याचा थर चकचकीत होतो हे खरे, पण तो ठिसूळही असतो आणि रोजच्या झाऱ्याखाली टिकत नाही.

पुढचे काही आठवडे हे भांडे रोज वापरात ठेवावे आणि तळण, कांदा परतणे, वांग्याचे काप, थालीपीठ असे तेलाचे पदार्थ आधी करावेत. घावनाला बसण्यापूर्वी अर्धा कापलेला कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवावा. ही जुनी युक्ती अजून कोणत्याही ब्रशला मागे टाकते. पहिल्या घावनाच्या कडा स्वतःहून सुटून वर आल्या, तर तवा तयार झाला. आमसुलाचे सार, टोमॅटोचा रस्सा, चिंचेची आमटी किंवा कढी मात्र यात शिजवू नये, कारण आंबट पदार्थ थर खातो, रंग काळवंडतो आणि चवीला लोखंड लागते. शिजलेले अन्न रात्रभर भांड्यात ठेवणे तर सर्वथा वर्ज्य. भाकरीसाठी वेगळा तवा असावा हा घरोघरचा नियमही उगाच नाही: भाकरीला लागणारी कोरडी, प्रखर आच घावनाच्या तव्यावरचा थर जाळून टाकते.

आता मुक्कामाची निवड. पाठीवर सामान घेऊन गड चढायचा असेल तर बीड घरीच ठेवावे. कढई आणि जड झाकण मिळून चार-पाच किलो सहज होतात, आणि तेवढ्या वजनाचे पाणी नेणे शहाणपणाचे. गाडी तंबूपर्यंत जात असेल तरच ही भांडी न्यावीत. जागा ठरवताना आगीची परवानगी आधी विचारावी. राखीव वनात आग पेटवणे कायद्याने मना आहे, अभयारण्यांत नियम अधिक कडक आहेत, आणि कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हा आवडता पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. त्यामुळे गावातील एखाद्या घराचे अंगण किंवा मालकाच्या संमतीने शेतातील मोकळी जागा हीच योग्य चूल. गॅसवर स्वयंपाक करायचा असल्यास रुंद बुडाची, चार पायांची शेगडी न्यावी. डब्यावरच बसणाऱ्या छोट्या बर्नरवर बिडाची कढई ठेवू नये: ती कलंडते, आणि तिच्या रुंद बुडाची उष्णता खाली परतून गॅसचा डबा तापतो, जे सरळ धोक्याचे आहे.

नेण्याच्या भांड्यांत माझी पसंती कढई आणि भाकरीचा खोलगट लोखंडी तवा या जोडीला आहे. परदेशी छावण्यांत वापरल्या जाणाऱ्या डच अवन या बिडाच्या खोल भांड्याला तीन पाय आणि वर निखारे मावतील असे काठाचे झाकण असते. आपल्या कढईचे झाकण घुमटाकार असल्याने त्यावरून निखारे घरंगळतात. कढईपेक्षा थोडा रुंद खोलगट तवा तिच्या तोंडावर ठेवला की तो नीट बसतो आणि त्याच्या खळग्यात निखारे राहतात. धोंडस, म्हणजे काकडीचा भाजलेला गोड पदार्थ, करणाऱ्यांना हे वर-खाली विस्तवाचे तंत्र नवे नाही. त्यासाठी तांदळाचा रवा घरीच भाजून डब्यात भरावा, गूळ चिरून घ्यावा, मोठे तवसे (जून काकडी), ओला नारळ, वेलची, तेल आणि केळीचे पान सोबत घ्यावे. मुक्कामी किसलेले तवसे, गूळ व खोबरे शिजवून त्यात रवा घालावा, मिश्रण घट्ट झाले की काढून घ्यावे, कढई पुसून तेल लावावे, केळीचे पान अंथरावे म्हणजे गूळ बुडाला धरत नाही, आणि मिश्रण परत थापावे. निखाऱ्यांचे दोन वाटे वर आणि एक वाटा खाली ठेवावा. खालचे निखारे मध्यभागी न ढिगारता कडेने गोल मांडावेत, कारण बीड उष्णता धरून ठेवते खूप, पण पसरवते हळू, आणि मधला भाग आधी करपतो. साधारण पाऊण तासाने सुरी टोचून पाहावी.

बाकीचे सामान थोडक्यात सांगता येते. मजबूत सांडशी आणि लांब चिमटा, जाड सुती फडकी (नायलॉनची नव्हेत), लोखंडी उलथणे, काथ्या, जाड मीठ, तेलाची छोटी बाटली, कोळसा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, एक फावडे आणि केवळ आग विझवण्यासाठी ठेवलेला पाण्याचा कॅन एवढे पुरे. गाडीत भांडी एकावर एक न रचता प्रत्येक भांडे गोणपाटात गुंडाळून तळाशी ठेवावे. बीड जड असले तरी ठिसूळ असते आणि दगडावर पडल्यास पोचा न येता सरळ तडकते.

हाच ठिसूळपणा जेवणानंतर लक्षात ठेवावा. निखाऱ्यांवर पाणी ओतताना ते तापलेल्या कढईवर उडू देऊ नये. आधी कढई बाजूला कोरड्या जागी ठेवावी, मग विस्तव विझवून राख उलटीपालटी करून हाताला गार लागेपर्यंत भिजवावी. भांडे कोमट झाल्यावर त्यात गरम पाणी घालून काथ्याने घासावे, चिकटलेले असेल तर जाड मिठाने घासावे, नंतर मंद आचेवर कोरडे करून तेलाचा हात फिरवावा. उघड्यावर रात्रभर ठेवल्यास सकाळच्या दवाने तांबूस डाग पडतात, म्हणून ते तंबूत किंवा गाडीतच ठेवावे.

घरी परतल्यावर सामानातून बिडाची भांडी सर्वांत आधी बाहेर काढावीत, एकदा तापवून पुन्हा तेल लावावे आणि कढई व तिच्यावरचे झाकण यांच्यामध्ये कागदाची घडी घालून हवा खेळती ठेवावी. पावसाळ्यात ती पंधरा दिवसांनी तपासावी. गंज दिसलाच तर तेवढा भाग खरवडून वर सांगितलेला तेलाचा एक हात पुन्हा द्यावा.