लेस्वोसवर पक्षी बघायला एकच दिवस असेल तर

एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला ग्रीसच्या लेस्वोस बेटावर पक्षी बघायला एकच दिवस मिळणार असेल, तर सगळ्यात आधी निम्मं बेट मनातून काढून टाका. कालोनीच्या आखाताभोवतीच दिवस अपुरा पडतो. मुक्काम आखाताकाठच्या स्काला कालोनी गावात ठेवा, म्हणजे उजाडताना मिठागरांवर पोहोचाल.

गाडी आदल्या दिवशीच भाड्याने घ्या. आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट न्या, आणि तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात हे ध्यानात असू द्या. मिठागरांच्या कडेने गाडी हेच तुमचं लपणगृह. खाली उतरलात की शेकाटे, उचाटे हे लांब पायांचे पाणपक्षी उडालेच. आत बसून राहिलात तर ते शेजारी चरत राहतात. आठ पट मोठं दाखवणारी 8×42 दुर्बीण पुरे, पण रोहित (फ्लेमिंगो) बरेचदा खूप लांब असतात, तेव्हा कुणाकडे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवरची लांब पल्ल्याची दुर्बीण, असेल तर जरूर घ्या. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडा. ऊन चढल्यावर मिठागरावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचा पक्षी ओळखणं अवघड होतं. तोवर अख्लादेरीच्या पाइनच्या जंगलात शिरलेलं बरं. तिथली क्रूपरची शिलींध्री (नटहॅच) हा चिमुकला पक्षी ग्रीसमध्ये फक्त याच बेटावर राहतो आणि वठलेल्या पाइनच्या खोडात घरटं करतो. घरट्यापासून लांब थांबा. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका, विणीच्या दिवसांत तर मुळीच नको.

आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघायचाच. आफ्रिकेतून येणारे पक्षी आकाश निरभ्र आणि वारा पाठीशी असेल तर बेटावरून थेट पुढे निघून जातात. पाऊस किंवा उत्तरेचा वारा आडवा आला, की दमलेले माशीमार, वटवटे असे छोटे पक्षी किनाऱ्यावर उतरतात. अशी सकाळ लाभली तरच बेत बदलून पश्चिम टोकाच्या सिग्रीला जा. वळणावळणाचा डोंगरी रस्ता आहे, तासाहून जास्त लागतो. वाटेत विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर इप्सिलूचा मठ आहे. तिथल्या खडकाळ उतारावर सिनेरियस बंटिंग हा चिमणीएवढा पक्षी शोधा. युरोपात तो फार थोड्या ठिकाणी दिसतो.

सकाळी वारा बोचतो, तेव्हा मळकट रंगाचं जाकीट, आणि दुपारसाठी टोपी. पाणी, पाव, चीज आदल्या संध्याकाळीच घ्या, कारण दुपारी गावातली दुकानं बंद असतात. तुर्कस्तान समोरच असल्याने बेटावर लष्करी तळ आहेत. त्यांच्या आसपास दुर्बीण, कॅमेरा बॅगेतच राहू द्या.

आणि काळ्या डोक्याच्या भारीटाचं (ब्लॅक-हेडेड बंटिंग) गाणं निघण्यापूर्वी ऐकून ठेवा. हिवाळ्यात आपल्याकडे ज्वारीच्या शिवारात थव्यांनी उतरणारा पक्षी हाच. आपल्याला तो दाणे टिपताना माहीत आहे. तिथे पिवळाधमक नर तारेवर बसून गातो, आणि तो गाताना बघायचा असेल तर मिठागराइतकाच वेळ रस्त्याकडेच्या शेतांना द्यावा लागेल.