कंत्राटी कामगारांची युनियन: आधी वही, मग झेंडा

भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात, मी २९ वर्षं काढली, त्यातली ११ युनियनचा सरचिटणीस म्हणून. आता निवृत्त आहे. आमच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी कंत्राटी पोरं घरी येतात आणि विचारतात, "काका, युनियन कशी करायची?" त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितोय.

पहिल्या दिवशी झेंडा नको, घोषणा नको, बाहेरचा पुढारी तर नकोच. दोनशे पानी रजिस्टर आणा आणि पट्टी घेऊन रकाने आखा: आधारवर आहे तसंच नाव, या गेटातून पहिल्यांदा आत गेल्याची तारीख, तेव्हाचा ठेकेदार, आत्ताचा ठेकेदार, मशीन, पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी एका माणसाचा एकच राहायला हवा असा नंबर), ईएसआय म्हणजे कामगार विम्याचा नंबर, हातात पडणारा पगार. माणूस समोर बसवून भरा, ऐकीव माहितीवर भरू नका.

नाव आधारप्रमाणेच का, ते सांगतो. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लढाई वर्षानुवर्षं लढवली. एवढं जिंकूनही कित्येकांचं काम पुढे अडलं, कारण यादीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळेना. एका अक्षरासाठी माणूस दारात उभा राहतो.

ठेकेदाराचे दोन रकाने का, तेही कळू द्या. ठेकेदार बदलतो, माणूस त्याच मशीनवर राहतो. परभणीकडचा एक पोरगा आला होता. फोन माझ्यापुढे धरून त्याने एकेक नंबर दाखवला: तीन ठेकेदार, तीन यूएएन. साडेचार वर्षं तो एकाच प्रेसवर होता आणि कागदावर तीनदा 'नवीन' लागला होता. त्याच्याकडे जुना एकही गेटपास नव्हता, प्रत्येक वेळी ठेकेदाराच्या माणसाने परत घेतलेला. म्हणून गेटपास परत देण्याआधी त्याचा फोटो काढा. पगाराची स्लिप, हजेरीचा मेसेज, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद, सगळं जपा आणि एक प्रत दुसऱ्याच्या फोनवर ठेवा.

ईएसआयचं आजच तपासा. माझ्या डोळ्यांदेखत एका पोराची दोन बोटं प्रेसखाली गेली. दुपारी अपघात झाला आणि ईएसआयला त्याचं नाव चढलं संध्याकाळी. आठ महिने तो कामावर होता. ते रक्त पुसलेलं मशीन दुसऱ्या पाळीला पुन्हा चालू झालं, हे मी अजून विसरलो नाही.

आता माणसं जोडण्याचं. गेटवर बोलू नका, तिथे कॅमेरा आहे. खोल्यांवर जा. बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातली पोरं एका खोलीत चार-पाच राहतात, दुसरी पाळी सुटल्यावर भात टाकतात, तेव्हा जाऊन बसा. हिंदीत बोला. 'बाहेरचे' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. मशीन त्यांच्या हातात आहे, त्यांच्याशिवाय तुमची युनियन अर्धीच. बायका असतील तर त्यांच्यातली एक पहिल्या दिवसापासून पदाधिकारी हवी. प्रत्येक पाळीतून आणि प्रत्येक लाइनवरून एक भरवशाचा माणूस मिळाला की समजा पाया पडला.

व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त बैठकीची वेळ टाका. "उद्या सगळ्यांनी दांडी मारा" असा मेसेज कुणी टाकला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता हा युनियन आणि संपाचा नवा कायदा लागू आहे. तिच्यात निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली रजाही संप धरली जाते, आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस बंधनकारक आहे. रागाच्या भरात टाकलेली ती एक ओळ सगळ्यांच्या नोकरीवर येऊ शकते.

नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात, आणि १० टक्के कामगार किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तेवढे तरी. हे जमतं. अवघड आहे ते पुढचं. आस्थापनेत एकापेक्षा जास्त युनियन असतील, तर वाटाघाटीचा एकटीचा हक्क मिळवायला ५१ टक्के सभासद लागतात. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे उभे होते, पण कायद्याने मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. माणसं एकीकडे आणि कागद दुसरीकडे, याची किंमत गिरणगावाने मोजली. म्हणून वर्गणी दहा रुपये असली तरी दर महिन्याला पावती फाडा. सभासद किती, हे पावतीपुस्तकच सिद्ध करतं.

मागणीपत्र लिहिताना पोरं तीस-तीस मागण्या लिहून आणतात. आपल्या कामगार चळवळीचे जनक नारायण मेघाजी लोखंडे, त्यांनी १८८४ साली साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांनी दिलेल्या मागण्या बघा: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला पगार. पाचच, आणि प्रत्येक मागणी कामगाराला पाठ. तुम्हीही पाचच लिहा. मी यांपासून सुरुवात करतो: सात तारखेच्या आत पगार आणि स्लिप, ओव्हरटाइम दुप्पट दराने, पहिल्या दिवसापासून पीएफ-ईएसआय, प्रेसवर सेन्सर आणि गार्ड, ठेकेदार बदलला तरी माणूस न बदलण्याची हमी. पत्र ठेकेदाराला द्या आणि मुख्य कंपनीलाही द्या, कारण ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. प्रत कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

कंपनीत कायम कामगारांची युनियन असेल तर वेगळी पाटी लावण्याआधी तिच्याकडे जा. इथे मला माझं सांगितलं पाहिजे. आमच्या शेवटच्या दोन करारांत आम्ही घसघशीत वाढ घेतली आणि नव्या भरतीचा मुद्दा सोडून दिला. सही माझी आहे. मी सरचिटणीस झालो तेव्हा ४१० कायम कामगार होते, निवृत्त झालो तेव्हा १२६, आणि मशीन पहिल्यापेक्षा जास्त. जी पोरं उरलेल्या मशीनवर उभी होती, ती आमच्या सभेला येऊच शकत नव्हती, कारण आमच्या युनियनच्या घटनेतच, म्हणजे नियमावलीत, सभासद म्हणजे 'कायम कामगार' असं लिहिलं होतं. ते दोन शब्द मी कधी बदलायला घेतले नाहीत.

तेव्हा त्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांना भेटून हीच एक मागणी करा: सर्वसाधारण सभा बोलवा, घटनादुरुस्तीचा ठराव मांडा, कंत्राटी कामगाराला मतासह सभासद करा. जाताना ते भरलेलं रजिस्टर बरोबर न्या आणि त्यांच्या टेबलावर उघडून ठेवा. महिनाभर वाट बघा. उत्तर नाही आलं, तर सात जणांच्या सह्या घेऊन नोंदणीचा अर्ज भरा.