आफ्रिकी धुपाचं तेल तपासताना या चुका टाळा

बाटलीवर 'फ्रँकिन्सेन्स ऑइल, आफ्रिका' एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्या भरवशावर लोक घटकांचे तक्ते जुळवायला बसतात. घोळ तिथेच सुरू होतो. इथिओपिया-इरिट्रियातला धूप बॉस्वेलिया पॅपिरिफेराचा. त्याच्या तेलात बहुधा निम्म्याहून जास्त ऑक्टिल ॲसिटेट असतं. झाकण उघडलं की संत्र्याच्या सालीकडे झुकणारा वास येतो. सोमाली बॉस्वेलिया कार्टेरीच्या तेलात सहसा अल्फा-पायनीन वरचढ, वास टर्पेंटाइनच्या जातीचा. म्हणून आधी झाडाचं शास्त्रीय नाव विचारा. ते मिळेपर्यंत तक्ता उघडूच नका.

जीसी-एमएसवर, म्हणजे तेलातले घटक सुटे करून ओळखणाऱ्या यंत्रावर, सर्वाधिक फसगत लायब्ररी मॅचमुळे, म्हणजे साठवलेल्या नोंदींशी जुळवून यंत्राने सुचवलेल्या नावामुळे होते. मीही सुरुवातीला ९५ टक्के जुळणी दिसली की नाव लिहून मोकळा व्हायचो. अल्फा-थुजीन आणि अल्फा-पायनीन घ्या. दोघांचा रेणुभार १३६, दोघांचा सर्वांत ठळक आयन (यंत्रात रेणू फुटून झालेला तुकडा) ९३. पीक, म्हणजे आलेखातले उंचवटेही शेजारी-शेजारी: डीबी-५ कॉलमवर (घटक सुटे करणाऱ्या नळीवर) रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे घटक कधी बाहेर पडतो त्याचा आकडा, साधारण ९२५ आणि ९३५. आपल्या सातपुड्यातल्या सालईच्या (बॉस्वेलियाच्याच भारतीय जातीच्या) तेलात बहुतेकदा थुजीन भरपूर असतं, त्यामुळे इथे नावांची अदलाबदल झाली तर झाडच बदलतं, खंडही! त्याच पद्धतीवर अल्केनचं (इंडेक्स आधीच ठरलेल्या साध्या हायड्रोकार्बनचं) मिश्रण चालवा आणि इंडेक्स स्वतः काढा. वीस-पंचवीस मिनिटं जादा जातील, जाऊ देत.

रन, म्हणजे यंत्रावरची चाचणी, लवकर थांबवू नका. पॅपिरिफेरातलं इन्सेन्सोल हे जड संयुग आणि त्याचं ॲसिटेट अगदी शेवटी येतात.

अनोळखी पीक दिसला की लगेच 'भेसळ' असा शेरा मारू नका. सोमालीलँडहून कार्टेरी म्हणून येणाऱ्या काही तेलांत मेथॉक्सीडेकेन निघायचं, आणि कुणीतरी बाहेरून घातलं असा संशय यायचा. प्रत्यक्षात ते झाडच निराळं होतं. २०१९ मध्ये त्याचं नामकरण झालं बॉस्वेलिया ऑकल्टा. ऑकल्टा म्हणजे दडलेली.

आणि बॉस्वेलिक ॲसिड, म्हणजे धुपाच्या डिंकातलं आम्ल, तेलात शोधू नका. त्याचा रेणुभार ४५६ च्या पुढे. तेल काढताना वाफेबरोबर ते वर येतच नाही, डिंकाच्या चोथ्यात भांड्याच्या तळाशी राहतं. सांधेदुखीवरच्या एका तेलावर 'बॉस्वेलिक ॲसिडयुक्त' वाचून मी विक्रेत्याकडे रिपोर्ट मागितला होता. आला तो डिंकाच्या अर्काचा.