‘व्हिक्टरी’च्या प्रतिकृतीला फळ्या बसवताना
1765 मध्ये जलावतरण झालेल्या आणि आज इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे जतन केलेल्या ‘एचएमएस व्हिक्टरी’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या प्रतिकृतीचा लाकडी संच जोडताना खरी कसोटी फळ्यांशी लागते. फासळ्यांच्या, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या चौकटींच्या, कडा आधी तिरप्या घासाव्यात, म्हणजे फळी प्रत्येक फासळीला पूर्ण टेकते. नाळेकडील, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडील, वळणासाठी फळी कोमट पाण्यात भिजवून, वाकवून, त्याच आकारात बांधून सुकवावी. ओलीच चिकटवल्यास ती सुकताना आकसते आणि फटी पडतात. एक फळी डावीकडे, लगेच दुसरी उजवीकडे, हा क्रम कृपया मोडू नये, कारण एकाच बाजूचा ताण वाढला की कणा, म्हणजे तळाचा लांब मुख्य भाग, पिळवटतो आणि पुढे तो सरळ करणे फार कठीण जाते. डोलकाठ्यांना आधार देणारे दोर मूळ जहाजावर डांबरलेले असत, म्हणून ते गडद निवडावेत. शिडे हलवणारे फिकट असावेत.