फोडायच्या आधी पाणी ओळखा: लिकेज शोधायच्या कामात येणाऱ्या नवीन पोरांसाठी

प्लंबिंग शिकलेली बरीच पोरं विचारतात की लिकेज शोधायचं काम कसं शिकायचं, मशीन कुठलं घ्यायचं, त्यात पैसा आहे का. पैसा आहे, काम पण लई आहे, कोल्हापुरात पेठांतल्या जुन्या घरांपासून पाचगाव-उचगावकडच्या नव्या अपार्टमेंटपर्यंत ओल नसलेली भिंत शोधावी लागते अशी परिस्थिती आहे. पण मशीनचा विषय नंतरचा. आधी एकच गोष्ट पक्की शिका, समोर दिसणारं पाणी कुठलं आहे ते ओळखायचं. हे ज्याला येतं तो साध्या गेजवर (दाब दाखवणाऱ्या मीटरवर) लिकेज काढतो, ज्याला येत नाही तो भारीतला कॅमेरा घेऊन पण अख्खं बाथरूम फोडून ठेवतो आणि बिचाऱ्या घरमालकाचा खर्च दुप्पट करतो.

घरात ओल यायच्या मुख्य वाटा चार. थंड पाण्याची लाईन, गरम पाण्याची लाईन, ड्रेनेज, आणि चौथी म्हणजे पाऊस नाहीतर जमिनीतली ओल. चारींचं वागणं वेगळं असतं. थंड-गरम लाईनमध्ये टाकीचं पाणी चोवीस तास उभं असतं, त्यामुळं घरातली माणसं आठ दिवस गावाला गेली तरी ओल वाढतच राहते. ड्रेनेजचं तसं नाही, वापर असला की गळतं, वापर थांबला की डाग सुकायला लागतो. पावसाची ओल जूनमध्ये सुरू होते आणि दिवाळीपर्यंत रेंगाळते. आणि शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इकडं दगड-मातीच्या जुन्या भिंती आहेत, त्यात जमिनीतली ओल वर चढते, बहुतेक वेळा कमरेच्या आसपास जाऊन थांबते, तिथं लोणा (पांढरा खारट थर) लागतो, रंगाचे पोपडे निघतात. अशा भिंतीत पाईप शोधत बसू नका, तिथं पाईपच नसतो कित्येकदा.

म्हणून कामाला गेल्यावर पहिली अर्धी वेळ बोलण्यात घालवा. मालक बहुतेक वेळा "वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आहे" असं ठरवूनच बसलेले असतात, तुम्ही घरात दिवसभर असणाऱ्या माणसाला विचारा. "काकी, हा डाग कधी जास्त गडद दिसतो?" एवढं विचारलं तरी बरंच काम होतं. सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर म्हणाल्या तर ड्रेनेज, पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी म्हणाल्या तर बाहेरची भिंत किंवा गच्ची, कायमच तसाच आहे म्हणाल्या तर लाईन. सोलरचं पाणी पूर्वी सकाळी सगळ्यांना पुरायचं आणि आता तिसऱ्या माणसाला कोमट येतं असं म्हणाल्या तर कान टवकारा, त्यावर खाली लिहिलंय.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांसाठी एक सांगतो. बाहेरच्या देशातल्या व्हिडिओत सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघतात, काटा फिरला की लिकेज. त्यांच्याकडं पाणी चोवीस तास असतं. आपल्याकडं नळाला पाणी ठरल्या वेळेला येतं, ते संपमध्ये पडतं, तिथून मोटरने वरच्या टाकीत, म्हणजे तुमचा मीटर फार तर रस्त्यापासून संपपर्यंतचं सांगेल, ते पण पाणी सुरू असताना. तसंच तिकडं बॉयलर आणि रेडिएटरची बंद सिस्टीम असते, थंड असताना गेजवर १ ते १.५ बार, तो सारखा उतरायला लागला की कुठंतरी गळतंय असं धरतात. आपल्या घरगुती सोलरला असला गेजच नसतो, वर एअर व्हेंट (हवा जायचा पाईप) उघडा असतो. त्यामुळं आपल्याकडची खरी टेस्ट म्हणजे टाकी. रात्री सगळे झोपताना मोटर बंद, टाकीत येणारी लाईन बंद, पातळीला मार्करने खूण, पहाटे कुणी नळ सोडायच्या आत बघायचं. हजार लिटरच्या गोल टाकीत पातळी एक सेंटीमीटर उतरली तर ८-१० लिटर गेलं समजा. आणि सेकंदाला एक थेंब पडत असला तरी दिवसाला कित्येक लिटर जातं, म्हणजे रात्रभरात खुणेवर थोडा तरी फरक दिसतो. फक्त त्या आधी संडासच्या फ्लश टाकीत खायचा रंग टाकून ठेवा, भांड्यात रंग उतरला तर पाणी तिथून जातंय, लगेच भिंतीवर संशय घेऊ नका.

पाणी उतरलं की मग लाईन वेगळ्या करायच्या. टाकीखालचे गेटव्हॉल्व एकेक बंद करून परत हीच टेस्ट, नाहीतर प्रेशर टेस्ट, म्हणजे हाताच्या टेस्ट पंपाने लाईनमध्ये पाणी दाबायचं आणि दाब टिकतो का ते बघायचं. इथं नवीन पोरं गडबड करतात म्हणून नीट वाचा. गिझर आणि सोलरची टाकी लाईनपासून सोडवल्याशिवाय पंप लावायचा नाही, बिनप्रेशरची सोलर टाकी फुगून फाटते. दाब पण अंदाजाने चढवायचा नाही. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ किलो दाब (चौरस सेंटीमीटरला), त्यामुळं दोन मजली घरात लाईनवर रोजचा दाब किलोभर सुद्धा नसतो, जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाईनवर ५-६ किलो चढवलात तर नसलेलं लिकेज तयार कराल. दीड-दोन किलोवर अर्धा तास ठेवा आणि गेज बघा. प्रेशर पंप बसवलेला असला तर हिशोब त्या पंपाच्या दाबावर धरायचा.

आणि मिक्सर. गरम लाईनवर दाब दिला आणि काटा हळूहळू उतरायला लागला की लगेच "गरम लाईन लिक आहे" म्हणू नका, डायव्हर्टर किंवा वॉल मिक्सरच्या (गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या) आतून दाब थंड लाईनमध्ये जात असतो. मिक्सरच्या आधीचे कॉक बंद करा, कॉक नसतील तर मिक्सर काढून डमी (तोंड बंद करायचं बूच) मारा. सोलरचं पाणी कमी पुरतं त्यातलं बरंच ह्याच्यामुळं होतं बरं का. मिक्सर आतून पास होतो, थंड पाण्याचा दाब जास्त असला की ते गरम लाईनमध्ये घुसतं, भिंत कोरडी ठाक आणि पाणी मात्र कोमट. ओळखायला सोपं आहे, सोलरचा आउटलेट बंद करा, गरम नळ सोडा, दोन-चार मिनिटांनी पण धार सुरूच असेल तर थंड पाणी मिक्सरमधून येतंय.

एक काम जरा जवळून सांगतो. राजारामपुरीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉलच्या भिंतीला स्कर्टिंगच्या वर वीतभर ओल, बाथरूम तिथून दोन खोल्या लांब. टाकीची खूण उतरली, थंड लाईन बंद ठेवली तरी उतरतच होती, गरम बंद केल्यावर थांबली. मग गरम नळ दहा मिनिटं सोडून ठेवला आणि नंतर थर्मल कॅमेरा धरला. चांगल्या लाईनचा पट्टा फरशीत सरळ रेघेसारखा दिसतो, इथं पॅसेजमधल्या वळणावर तो पट्टा पसरून फोडणीच्या तेलासारखा ओघळ झाला होता. अनवाणी पाय ठेवला तर तेवढीच फरशी कोमट. एकच फरशी काढली, खाली सीपीव्हीसीचा (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाईपचा) एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, त्यात पाईप अर्धाच आत गेलेला, चिकटवायचं सोल्यूशन एका बाजूला लागलेलं आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिक कोरं. पाणी तिथून फरशीखालच्या वाळूतून उताराने हॉलपर्यंत गेलं होतं. ओल दिसते तिथंच फोडायचं नाही ते ह्यामुळं.

थर्मल कॅमेरा पाणी दाखवत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, म्हणून गरम लाईनला तो भारी, थंड लाईनला ओल सुकताना जो एक-दोन डिग्रीचा गारवा येतो तेवढाच आधार, आणि उन्हात तापलेल्या भिंतीवर तर काहीच कळत नाही. मॉइश्चर मीटर (भिंतीतली ओल मोजणारा) पण लोणा लागलेल्या भिंतीतल्या क्षारांनी आणि आतल्या सळईने फसतो, एकट्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. कानाने ऐकायची काठी लोखंडी पाईपवर छान चालते, प्लास्टिकच्या पाईपमध्ये आवाज लांब जात नाही, मग रात्रीची शांत वेळ घ्यावी लागते.

ड्रेनेजला ह्यातलं काही लागत नाही. नहाणी ट्रॅपला (बाथरूमच्या जाळीखालच्या भांड्याला) बोळा मारा, बाथरूममध्ये दोन बोटं रंगीत पाणी चोवीस तास उभं ठेवा, खाली रंग आला तर फरशी किंवा ट्रॅपच्या कडेचा जॉइंट. नाही आला तर बोळा काढून बादली ओता, आता आला तर ट्रॅपच्या पुढचा पाईप.

सोलरवाल्या घरात टाकीतून निघणारा पहिला तुकडा नक्की बघा. एप्रिल-मेमध्ये वापर कमी असला की ट्यूबच्या सोलरचं पाणी उकळीजवळ जातं आणि सीपीव्हीसीची मर्यादा ९३ डिग्रीच्या आसपास, तिथले जॉइंट पहिले सुटतात. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार बसून व्हॉल्व नीट मिटत नाहीत ते वेगळंच.

दोन गोष्टी जिवाच्या. ओल स्विचबोर्डाजवळ असली तर आधी मेन बंद, मग मॉइश्चर मीटर टोचा. आणि बंद बाथरूममध्ये गॅस गिझर दिसला, वर झरोका नसला, तर तुम्हाला लिकेजसाठी बोलावलं असलं तरी मालकांना तिथल्या तिथं सांगा, त्या धुराला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडतो.

शिकायचं कुठं तर कळंबा रोडच्या सरकारी आयटीआयसारख्या ठिकाणी प्लंबरचा एक वर्षाचा ट्रेड करा, नंतर चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली नवीन बांधकामावर राबा, लाईन कशी टाकतात हे हाताने केल्याशिवाय ती कुठून गेली असेल ते सुचत नाही. पहिली खरेदी म्हणजे हाताचा टेस्ट पंप, चांगला गेज, सगळ्या साइजचे डमी, खायचा रंग, टॉर्च आणि वही. कॅमेरा सुरुवातीला भाड्याने किंवा ओळखीच्याकडून आणा. आणि तपासणीचे पैसे वेगळे, दुरुस्तीचे वेगळे, हे फोनवरच सांगून टाका, म्हणजे गच्चीतून पाऊस मुरतोय असं निघालं तरी तुम्हाला "लाईन ठीक आहे, वॉटरप्रूफिंगवाला बोलवा" असं सरळ सांगता येतं, मजुरी सुटावी म्हणून उगाच फरशी काढावी लागत नाही.